ट्रेक रद्द झाल्याचा मेल स्पॅममध्ये कसा गेला?

मागच्या पावसाळ्यात रेड अलर्टमुळे आमच्या ग्रुपने राजमाचीचा ट्रेक आदल्या रात्री रद्द केला. सगळ्यांना मेल गेला. तरी पहाटे दोन मुलं सॅक घेऊन कर्जत स्टेशनवर उभी! मेल आला होता, पण स्पॅम फोल्डरमध्ये. ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच, त्यामुळे फोनही मलाच आला.

व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात ईमेल ग्रुप कशाला, असं विचाराल. जुने सदस्य तिथेच आहेत, आणि कित्येक वर्षांपूर्वीची वाटांची चर्चा तिथे आजही सापडते.

आधी मी बाहेरच्या स्पॅमवाल्यांनाच दोष दिला. पण त्यांचा बंदोबस्त तसा सोपा असतो. सदस्य नसलेल्याचा मेल थेट जाऊ द्यायचा नाही आणि नव्या सदस्याचे पहिले दोन-तीन मेल वाचूनच सोडायचे. (पूर्वी एक पुरायचा. आता एआयने लिहिलेला पहिला मेल फारच गोड असतो.)

खरी गोची वेगळीच आहे. मेल खरा आहे का, हे जीमेल दोन गोष्टींवरून तपासतं. मेल कोणत्या सर्व्हरवरून आला ते एसपीएफ बघतं, तर डीकेआयएम म्हणजे मजकुरावरचं सील. दोन्ही फसलं तर मेलचं काय करायचं, हे डीमार्क ठरवतं. आता ग्रुप काय करतो? तुमचा मेल स्वतःच्या सर्व्हरवरून सगळ्यांना पाठवतो, वर विषयात ग्रुपचं नाव आणि खाली तळटीप चिकटवतो. म्हणजे सर्व्हर बदलला आणि सीलही तुटलं. एप्रिल 2014 मध्ये याहूने डीमार्क कडक केलं, तेव्हा याहूवाल्यांचे ग्रुपवरचे मेल धडाधड परत येऊ लागले.

यावर तोडगा निघाला तो असा, की पाठवणाऱ्याच्या पत्त्याऐवजी ग्रुपचाच पत्ता लावायचा. आम्हीही तेच करतो. पण त्यामुळे कोणाच्याही मेलवर कोणी ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबलं, की ठपका ग्रुपच्या पत्त्यावर येतो.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने नियम आणखी कडक केले. दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जास्त अटी आहेत, पण स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवा, हे सगळ्यांनाच लागू आहे. म्हणजे हजार मेलमागे तीन. आमच्यासारख्या छोट्या ग्रुपला ते तीन जण कितीसे लांब?

कर्जतला अडकलेल्या एकाने स्क्रीनशॉट पाठवला. अशाच प्रकारचे मेल आधी स्पॅम ठरवले गेलेत, असं जीमेलने वर लिहिलं होतं. मी ग्रुपवर विचारलं, तेव्हा काही जणांनी कबूल केलं: चर्चा फार वाढली की तेच बटण दाबतो, बाहेर पडायला कंटाळा येतो. राग आला, पण खरं सांगायचं तर नको असलेल्या मेलवर मीही हेच करायचो.

म्हणून एक विनंती. ग्रुप नको असेल तर खुशाल ‘अनसबस्क्राइब’ करा, पण स्पॅम म्हणू नका. आणि ग्रुपचा मेल स्पॅममध्ये दिसला, तर तो उघडून वरच्या तीन टिंबांमधून ‘रिपोर्ट नॉट स्पॅम’ दाबा.

आम्ही आता दिवसाची सगळी चर्चा एकाच मेलमध्ये मिळण्याची सोय चालू केली आहे. ट्रेक रद्द झाला तर मात्र मी सरळ फोन करतो.