हरवलेल्या पेटीची किंमत

विमानात हरवलेल्या सामानाची भरपाई हा समाजवादी कार्यकर्त्याच्या चिंतेचा विषय होऊ शकतो काय, असे काही सहकारी विचारतील. विमान हे धनिकांचे वाहन, हा समज एके काळी खरा होता. करवीर तालुक्यातील उचगावात तो आज टिकत नाही. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला उजळाईवाडीचा विमानतळ गावाच्या शेजारी आहे. त्याच्या विस्तारासाठी गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि मार्च २०२४ मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. गोकुळ शिरगावच्या कारखान्यातला कामगार किंवा गांधीनगरच्या कापडपेठेतला कारकून कधीतरी विमानात बसतो. आखातात मजुरीला जाणाऱ्या गवंड्याला तर बोटींचा जमाना संपल्यापासून दुसरे वाहनच उरलेले नाही.

धनिकाची पेटी हरवली तर चार कपडे जातात. दोन वर्षांनी घरी परतणाऱ्या गवंड्याची पेटी हरवली तर बहिणीच्या लग्नाचा आहेर, मुलांचे कपडे, कामाची हत्यारे, म्हणजे त्याच्या कष्टाचा डोळ्यांना दिसणारा सारा भाग जातो. त्याच्या हाती उरतो तो सामानाच्या क्रमांकाचा एक चिठोरा.

कायदा या बाबतीत मुका नाही. पण तो कोणाच्या सोयीने बोलतो हे पाहण्याजोगे आहे. १९२९ च्या वॉर्सा कराराने विमान कंपन्यांच्या जबाबदारीवर मर्यादा घातली, ती हा धंदा तेव्हा बाल्यावस्थेत होता म्हणून. भरपाई वजनावर ठरे. पेटीत काय होते याला किंमत नव्हती, तागडीला होती. आपल्या संसदेने १९७२ च्या कायद्याने हीच व्यवस्था चालू ठेवली. पुढे १९९९ चा मॉन्ट्रियल करार झाला आणि २००९ मध्ये भारत त्यात सामील झाला. या कराराने तागडी बाजूला ठेवून दर प्रवाशामागे मर्यादा ठरवली. ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात मोजतात आणि महागाई पाहून दर पाच वर्षांनी तिचा फेरविचार होतो. २००९ अखेर ती ११३१ एकके झाली, २०१९ अखेर १२८८ आणि २०२४ अखेर १५१९. आजच्या दराने हे पावणेदोन लाख रुपयांहून अधिक होतात.

देशांतर्गत प्रवासाला मात्र वेगळा न्याय आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा २० हजार रुपये ठरवली आणि २०१९ च्या प्रवासी सनदेतही तोच आकडा राहिला. महागाईचा फेरविचार परदेशी जाणाऱ्याच्या पेटीपुरता. मुंबईहून कोल्हापूरला येणाऱ्याच्या पेटीला महागाई जणू लागतच नाही!

यातून निघणारी विसंगती गरिबालाच भोवते. आखातापासून कोल्हापूरपर्यंतचा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर मुंबई-कोल्हापूर हा टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतो आणि मोठी मर्यादा लागू होते. पण स्वस्त पडते म्हणून पुढचे तिकीट स्वतंत्र काढले आणि पेटी त्या टप्प्यात हरवली, तर तीच पेटी २० हजारांची ठरते. तिकीट काढून देणारा दलाल हे सांगत नाही. त्याला ते ठाऊक असते की नाही, हाही प्रश्नच आहे.

शिवाय ही मर्यादा म्हणजे हक्काची ठोक रक्कम नव्हे. नुकसान सिद्ध करावे लागते आणि मजुराजवळ खरेदीच्या पावत्या क्वचितच असतात. मौल्यवान वस्तू असतील तर सामान सोपवतानाच त्यांची किंमत जाहीर करून जादा आकार भरण्याची सोय करारात आहे. तिचा उपयोग ज्याला ती ठाऊक आहे त्यालाच. खरी मेख मुदतीत आहे. सामान मोडून-फाटून आले तर ते मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा आले तर हाती पडल्यापासून २१ दिवसांत तक्रार लेखी द्यावी लागते. खिडकीशी केलेली हुज्जत कायद्याच्या लेखी तक्रार ठरत नाही. २१ दिवसांत पेटी आलीच नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते, आणि दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. ‘शोध चालू आहे’ या एका वाक्यावर प्रवाशाला महिनोन्‌महिने झुलवले, तर ही मुदत कंपनीच्याच पथ्यावर पडते.

१९५३ साली विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा निदान संसदेत तिचा जाब विचारता येत असे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडियाही खासगी मालकाकडे गेली. धंदा बाल्यावस्थेतून केव्हाच बाहेर पडला. त्याला दिलेले संरक्षण मात्र कायम आहे. उलट पेटी उचलणारा हमाल अनेक ठिकाणी ठेक्यावरचा, आणि नुकसानीचा ठपका प्रथम त्याच्यावर येतो. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. ती दृष्टी विमानतळाच्या कुंपणाआत पोचलेली नाही. प्रवाशाच्या भरपाईची मागणी करताना तिचा बोजा या हमालाच्या मजुरीतून कापला जाऊ नये, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

देशांतर्गत मर्यादा महागाईशी जोडून घेणे हे संसदेतले काम आहे आणि त्याला वेळ लागेल. उचगावच्या कार्यकर्त्यांना मात्र आजच करता येण्यासारखे काम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली आहे. त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मोबदल्याची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात शुल्कही नाही. गावात आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज लिहून देणारा कोणी बसला, आणि आखाताला निघालेल्या प्रत्येकाला त्याने एकच तिकीट काढायला, पेटीतल्या वस्तूंची यादी घरी ठेवायला व सामानाचा चिठोरा जपायला सांगितले, तर दोन वर्षांची मुदत निदान नकळत तरी संपणार नाही.