गोणीतला गॅस

मृगाचा पाऊस पडला की शटर पुरतं वर जायच्या आधीच विचारणा होते, "भाऊ, युरिया आला काय?" आपण विक्रेते म्हणतो, रेल्वेची रॅक लागली की येईल. रॅक का अडली, ते आपल्यालाही कुणी सांगत नाही.

युरियातलं नत्र हवेतलं. पण ते धरून ठेवायला लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढावा लागतो आणि हा वायू आज मोठ्या प्रमाणात एलएनजीच्या, म्हणजे द्रवरूप वायूच्या, जहाजांतून येतो. 45 किलोच्या गोणीमागे साधारण 20 किलो एलएनजी जातो. एमएमबीटीयूला 12 डॉलर भाव धरला, तर एका गोणीत हजारेक रुपयांचा नुसता गॅसच झाला. आपण ती गोणी 266 रुपये 50 पैशांना देतो. वरचं सरकार सोसतं. त्यामुळे गॅस कितीही भडकला तरी मोताळ्यातल्या भावफलकावरचा आकडा हलत नाही. झळ लागते ती गोदाम रिकामं राहिल्यावरच.

2022 आठवा. सरकारी गॅस कंपनी गेलचा 20 वर्षांचा करार रशियाच्या गाझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी होता. युक्रेन युद्धानंतर तिचा कारभार जर्मनीच्या ताब्यात गेला आणि ठरलेली जहाजं येईनाशी झाली. तेव्हा युरोप मागेल तो भाव मोजत होता. गेलला गिऱ्हाइकांचा पुरवठा कापावा लागला, त्यात खत कारखानेही होते. पुढे 2025 च्या जानेवारीत साडेअठ्ठावीस कोटी डॉलरवर तडजोड झाली. पैसे मिळाले खरे, पण मक्याला दुसरा हप्ता तडजोडीच्या तारखेला देता येत नाही. कतारची जहाजं मात्र 2022 मध्येही दहेज बंदराला लागत राहिली. कतारशी असलेला वर्षाला 75 लाख टनांचा करार 2024 मध्ये 2048 पर्यंत वाढवला गेला. तरी तीही वाट होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच.

समृद्धी महामार्गाच्या कडेने मेहकर, सिंदखेड राजाकडून गॅसवाहिनी गेली म्हणून आपलं भागेल, असं काहीजण बोलतात. जिल्ह्यात युरियाचा कारखाना नाही. नळी शेजारून गेल्याने गोणी येत नाही.

एलएनजी उणे 162 अंशांवर ठेवावा लागतो, टाकीतही त्याची वाफ होतच राहते. युरिया मात्र कोरड्या जागी हंगामभर टिकतो. म्हणजे जिल्ह्याचा खरा गॅससाठा आपल्याच गोदामात आहे. पण टनामागे 354 रुपये मार्जिन, गोणीला सोळाएक रुपये. त्यातून हमाली, गळती, अडकलेलं भांडवल. वर युरियासोबत गळ्यात मारलेला लिंकिंगचा माल. भिंतीला टेकलेली थप्पी ऑगस्टपर्यंत दगड होते, ती फोडून द्यायची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर आली असेल. एवढ्यावर मार्चमध्ये माल उचलून कोण ठेवील?

संरक्षित साठा महामंडळ आणि फेडरेशनच्या नावावर असतो. तो तालुक्यापर्यंत यावा आणि आगाऊ उचललेल्या मालाला साठवणुकीचा वेगळा दर मिळावा, हे खरीप आढावा बैठकीत मांडायचं आहे. बैठकीला येताना मागच्या तीन हंगामांचं साठा रजिस्टर आणा. युरिया कोणत्या आठवड्यात संपला आणि पुढची गाडी कधी उतरली, एवढ्या दोन तारखा पुरेत.