एक्स्प्लेनर : जंगलाची हद्द जीपीएसने मोजली, पण नकाशाची फाइल कोणाच्या हातात?

सामूहिक वनहक्काचा दावा करायचा तर गावाला आपल्या जंगलाची हद्द दाखवावी लागते. वनहक्क समितीचे सदस्य आणि गावातली जाणती माणसं नाला, टेकडी, जुनी शीव धरून दिवसभर चालतात. सोबत हातात मावणारं जीपीएस यंत्र असतं. संध्याकाळपर्यंत त्यात हद्दीचा ट्रॅक तयार होतो. खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. हा ट्रॅक उघडायचा कशात?

यंत्र कोणत्या कंपनीचं घ्यावं, यावर भरपूर चर्चा होते. सॉफ्टवेअर मात्र ‘ज्याच्या लॅपटॉपमध्ये जे असेल ते’ वापरलं जातं. ही सवय महागात पडू शकते. दाव्यात किती हेक्टर लिहिले जाणार, हद्द कोणत्या नाल्यापर्यंत दिसणार आणि उद्या आक्षेप आला तर ग्रामसभेकडे दाखवायला काय उरणार, हे यंत्राइतकंच सॉफ्टवेअरवर अवलंबून असतं.

मोबाइल असताना वेगळं यंत्र कशाला?

मोबाइलमधला जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतो, हे खरं. पण दिवसभर ट्रॅक सुरू ठेवला की बॅटरी उतरते आणि आधी डाउनलोड केलेला नसेल तर नकाशा कोरा दिसतो. गार्मिनच्या ईट्रेक्ससारखी साधी यंत्रं दोन पेन्सिल सेलवर चालतात. सेल संपले की बदलायचे आणि पुढे चालायचं.

मोकळ्या आकाशाखाली अशा यंत्राची चूक साधारण तीन ते पाच मीटर असते. दाट झाडीत आणि दरीत ती वाढते. म्हणून हद्दीच्या महत्त्वाच्या खुणांवर थोडं थांबून वेगळा वेपॉइंट घेणं चांगलं. पण ही काही मीटरची चूक सॉफ्टवेअरमुळे होणाऱ्या चुकीपुढे किरकोळ ठरू शकते.

कायदा काय सांगतो?

वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला त्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. उपग्रह चित्रं आणि इतर तंत्रज्ञान हे बाकीच्या पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांची जागा घेणार नाही, असं त्यात स्पष्ट केलं आहे.

याचा अर्थ साधा आहे. संगणकावरचा नकाशा हा शेवटचा शब्द नाही. त्यावर प्रश्न विचारता येतात आणि विचारले जातातही. अशा वेळी गावाकडे फक्त छापील नकाशा असेल तर तो कसा तयार झाला, हे सांगता येत नाही. मूळ फाइल असेल तर तपासून दाखवता येतं.

सॉफ्टवेअर निवडताना काय पाहायचं?

पहिली कसोटी फाइलची. यंत्रातला ट्रॅक जीपीएक्स या खुल्या प्रकारात घेता आणि परत काढता आला पाहिजे. २००२ पासून वापरात असलेला हा प्रकार जवळपास प्रत्येक नकाशा सॉफ्टवेअरला कळतो. फाइल आत घेणारं, पण बाहेर फक्त चित्र किंवा पीडीएफ देणारं सॉफ्टवेअर नकोच.

दुसरी कसोटी क्षेत्रफळाची. इथे मोठा घोटाळा होऊ शकतो. ऑनलाइन नकाशे बहुधा ‘वेब मर्केटर’ पद्धतीने पृथ्वी सपाट करून दाखवतात. विषुववृत्तापासून दूर जावं तसं त्यात क्षेत्र फुगत जातं. गडचिरोलीच्या अक्षांशावर ही वाढ सुमारे १३ टक्के होते. म्हणजे १०० हेक्टरचं जंगल थेट त्या सपाट नकाशावर मोजलं तर ११३ हेक्टर भरेल. जमीन एक इंचही वाढलेली नसते, पण दावा वाढवून केल्याचा ठपका गावावर येऊ शकतो. त्यामुळे पृथ्वीचा गोलावा धरून किंवा योग्य यूटीएम झोनमध्ये क्षेत्र काढणारं सॉफ्टवेअरच घ्यावं. महाराष्ट्रात हे झोन दोन आहेत. पुणे, नाशिक, नंदुरबार ४३ मध्ये येतात, तर नागपूर, गडचिरोली ४४ मध्ये.

तिसरी कसोटी जुने नकाशे जुळवण्याची. जीपीएस यंत्रं सहसा डब्ल्यूजीएस ८४ या मोजमाप-पायावर आकडे देतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट पायावर आहेत. २००५ च्या धोरणानंतर आलेले ओपन सीरिज नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत. जुनं शीट रूपांतर न करता ट्रॅकखाली ठेवलं तर हद्द शंभर मीटर किंवा त्याहून जास्त सरकलेली दिसू शकते. तेवढ्यात नाला अलीकडचा पलीकडे जातो.

चौथी कसोटी मराठीची. ‘शेपफाइल’ या जुन्या पण सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात. देवनागरीचं एक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. म्हणजे तीन चिन्हांनंतर नाव तुटतं. ‘कक्ष क्रमांक’ लिहायला गेलं तर पहिला शब्दही पूर्ण बसत नाही. जिओपॅकेज या नव्या प्रकारात ही अडचण नाही.

मग घ्यायचं कोणतं?

यंत्राच्या कंपनीचं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ गार्मिनचं बेसकॅम्प, यंत्रातून ट्रॅक उतरवायला आणि यंत्रात नकाशा भरायला सोयीचं आहे. ते तेवढ्यापुरतंच ठेवावं. दाव्याचा नकाशा त्यावर उभा करू नये. यंत्र बदललं की काम अडतं.

गुगल अर्थ प्रो २०१५ पासून मोफत आहे. ट्रॅक उपग्रह चित्रावर दाखवून ‘हा आपला नाला, ही आपली टेकडी’ हे ग्रामसभेत पटवून द्यायला त्याच्याइतकं सोपं साधन क्वचितच सापडेल. पण चित्रं उतरवायला इंटरनेट लागतं आणि जुने नकाशे, कक्षांच्या सीमा, वेगवेगळे रकाने हाताळायला ते तोकडं पडतं.

अंतिम नकाशासाठी क्यूजीआयएस हाच सगळ्यात योग्य पर्याय आहे. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. जीपीएक्स थेट उघडतं, जुन्या पायावरचे नकाशे जुळवतं, मराठी अक्षरं नीट छापतं. सेटिंगमध्ये गोलाव्याचा पर्याय निवडला की क्षेत्रही योग्य येतं. जुन्या यंत्रातून फाइल निघतच नसेल तर जीपीएसबॅबल हे मोफत साधन बहुतेक वेळा मार्ग काढतं.

क्यूजीआयएस अवघड नाही का?

अवघड आहे. पहिल्यांदा उघडलं की पडदाभर बटणं दिसतात आणि माणूस गांगरतो. म्हणूनच हे काम बाहेरच्या संस्थेकडे किंवा तालुक्याच्या ऑपरेटरकडे सोपवलं जातं. मदत घेण्यात काही चूक नाही. चूक होते ती काम झाल्यावर फाइल मागून न घेण्यात. संस्थेचा प्रकल्प संपतो, ऑपरेटर बदलतो, लॅपटॉप बिघडतो आणि गावकऱ्यांनी पायी मोजलेली हद्द त्याबरोबर जाते.

ट्रॅक उघडणं, बहुभुज काढणं, क्षेत्र तपासणं आणि नकाशा छापणं, एवढंच शिकायचं तर गावातल्या बारावी झालेल्या मुलामुलींना ते जमतं. सगळं क्यूजीआयएस शिकायची गरज नाही. मोजणीसाठी यंत्र घेताना जो खर्च धरला जातो, त्यातच दोघांच्या प्रशिक्षणाचा खर्चही धरायला हवा.

लगेच काय करता येईल?

मोजणी झाली त्याच दिवशी यंत्रातली मूळ जीपीएक्स फाइल कॉपी करावी आणि तिच्यात काहीही बदल करू नये. दुरुस्त्या वेगळ्या फाइलमध्ये कराव्यात. दोन पेनड्राइव्हवर प्रती ठेवाव्यात. एक वनहक्क समितीकडे राहू द्यावी, दुसरी ग्रामसभेच्या दप्तरात. मोजणीची तारीख, सोबत चाललेल्यांची नावं, वापरलेलं यंत्र, सॉफ्टवेअर आणि यूटीएम झोन यांची नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात करावी.

उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीपुढे दावा गेल्यावर क्षेत्राबद्दल प्रश्न आला, तर ‘साहेबांच्या लॅपटॉपवर होतं’ हे उत्तर चालणार नाही. हद्द गावाने मोजली असेल, तर तिची फाइलही गावाकडेच हवी.