पावसाळ्याआधीची झाडछाटणी: पन्नास फुटांवर करवत धरणारा माणूस कोण असतो?

एप्रिल-मे आला की मुंबई, ठाणे, पुण्यात एक दृश्य ठरलेलं असतं. रस्त्याच्या कडेला महापालिकेचा किंवा कंत्राटदाराचा टेम्पो, खाली फांद्यांचा ढीग आणि वर पर्जन्यवृक्षाच्या बेचक्यात उभा असलेला एक माणूस. कमरेला दोर, हातात करवत किंवा कोयता. पायात बहुतेक वेळा साधी चप्पल, नाहीतर तीही नाही.

त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एक, "झाडांची कत्तल थांबवा." दुसरा, "कुणाचा जीव गेल्यावर छाटणार का?" दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. पण या वादात एक जण कुठेच नसतो, तो म्हणजे वर चढलेला माणूस. झाड वाचणार की मरणार आणि फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार, हे बरंचसं त्याच्या हातात असतं. त्याला काय शिकवलंय, काय साधनं दिलीत, हे मात्र आपण विचारत नाही.

म्हणून हे काम मुळात कसं करायचं असतं, ते समजून घेऊ.

आधी आकडे बघूया

2018 मध्ये पूर्ण झालेल्या वृक्षगणनेनुसार मुंबईत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं आहेत. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा शहरात दोन हजारांहून अधिक झाडं कोसळली. त्याआधी जुलै 2017 मध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून दूरदर्शनच्या एका माजी निवेदिकेचा मृत्यू झाला. त्या घटनेचं सीसीटीव्ही फुटेज तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

म्हणजे धोका खरा आहे. पण जोराच्या वाऱ्यात झाड पडण्याचं कारण अनेकदा फांद्यांमध्ये नसतं, मुळांमध्ये असतं. बुंध्यापर्यंत घातलेलं काँक्रीट, केबल आणि पाइपसाठी खणलेले चर, त्यात तुटलेली मुळं. वरून झाड हिरवंगार दिसतं, पण खाली त्याला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं 1 मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते याच कारणाने. मुळं कापलेल्या झाडाच्या फांद्या एकाच बाजूने छाटल्या, तर त्याचा तोल आणखी बिघडतो.

मोठं झाड थेट पाडत का नाहीत?

जंगलात किंवा मोकळ्या शेतात झाड बुंध्यातून कापून एका दिशेला पाडता येतं. शहरात तेवढी जागाच नसते. एका बाजूला इमारत, दुसरीकडे विजेच्या तारा, खाली गाड्या. त्यामुळे झाड वरून खाली, तुकड्या-तुकड्याने उतरवावं लागतं. आधी बाहेरच्या फांद्या, मग मोठे फाटे, मग शेंडा आणि शेवटी खोडाचे ओंडके.

हे काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला जगभर 'आर्बोरिस्ट' म्हणतात. हा माणूस झाडाचा डॉक्टर, गिर्यारोहक आणि क्रेनचालक असा तिहेरी असावा लागतो. आर्बोरिस्टांची आंतरराष्ट्रीय संघटना 1924 पासून आहे आणि ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्रही देते.

चढण्याआधी पहिलं काम म्हणजे झाड तपासणं. बुंध्यावर बुरशीची छत्री उगवली आहे का? ढोली किती खोल आहे? हातोडीने ठोकल्यावर खोड पोकळ वाजतं का? मुळाशी माती उचलली गेली आहे का? ज्या फांदीवर आपला दोर टाकायचा आहे तीच कुजलेली असेल, तर पुढचं सगळं कौशल्य वाया जातं. झाड फारच पोखरलेलं असेल तर त्यावर चढायचंच नाही, क्रेन किंवा शिडीची गाडी आणायची, हा नियम आहे.

वर चढायचं कसं?

बारीक दोरीला वजनाची छोटी पिशवी बांधून ती उंचावरच्या मजबूत फांदीवरून टाकतात. त्या दोरीने चढाईचा मुख्य दोर वर ओढला जातो. चढणारा हार्नेस घालतो आणि दोरावर सरकगाठ मारतो. ही गाठ हाताने वर सरकते, पण अंगाचं वजन पडलं की आवळून घट्ट बसते. हात सुटला तरी माणूस तिथेच लटकतो.

करवत चालू करण्याआधी दुसरा आधारही लावायचा असतो. म्हणजे मुख्य दोराबरोबर खोडाभोवती एक आखूड पट्टा, शक्यतो आतून तार असलेला. कारण सरळ आहे: चेनसॉ दोराला लागली तर दोर क्षणात तुटतो. एकच आधार असेल तर काम संपलं. चेनसॉ एका हाताने चालवू नये, हाही पायाभूत नियम आहे. यूट्यूबवर तुम्ही जे थरारक व्हिडिओ बघता, त्यातल्या अनेकांत तो मोडलेला दिसतो.

बुटांना लावायच्या लोखंडी अणकुचीदार काट्यांबद्दलही एक नियम आहे. झाड पूर्ण काढायचं असेल तरच ते वापरायचे. जगवायच्या झाडावर काटे घालून चढलं तर प्रत्येक पावलागणिक सालीखालच्या जिवंत थराला जखम होते. नारळाचं तर आणखी वेगळं आहे. माडाच्या खोडात तो जिवंत थरच नसतो, त्यामुळे चढण्यासाठी घातलेली खाच कधीच भरून येत नाही.

आपल्याकडे उंच झाडावर चढण्याचं कौशल्य नवीन नाही. गोव्यातले पाडेली, कोकणातले माडावर चढणारे, यांची शरीराची समज अफाट असते. पण सरळ माडावर चढून नारळ पाडणं आणि फांद्या पसरलेल्या पर्जन्यवृक्षावर चेनसॉ चालवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं येतं म्हणून दुसरं येतंच असं नाही.

फांदी कापायची कुठून?

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक किंचित फुगीर कडं असतं. काप या कड्याच्या अगदी बाहेर घ्यायचा. खोडाला चिकटून कापलं तर कडंच निघून जातं, जखम मोठी होते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत शिरते.

अमेरिकी वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी 'बरी' होत नाही. झाड त्या भागाभोवती भिंत उभारतं, तो भाग बंद करतं आणि बाहेरून नवीन लाकूड वाढवतं. भिंत नीट उभी राहावी म्हणून काप योग्य जागी हवा. कापावर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही.

जड फांदी तीन कापांत काढतात. पहिला काप खालून, खोडापासून थोडा दूर. दुसरा त्याच्या जरा बाहेर, वरून. फांदी खाली पडते, पण साल सोलत जात नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, कड्याबाहेर.

आणि शेंडा उडवून झाड 'टकलं' करणं? ते सगळ्यात वाईट. पाच-सहा महिन्यांत त्या जागी फुटव्यांचा झुपका येतो. लोक म्हणतात, "बघा, किती छान फुटलं." पण हे फुटवे वरवर जोडलेले असतात, आत खुंट कुजत असतो. काही वर्षांनी हेच फुटवे जड होतात आणि वाऱ्यात तुटतात. म्हणजे सुरक्षेसाठी केलेली छाटणी पुढच्या अपघाताची तयारी ठरते.

सगळ्यात धोकादायक क्षण

50 सेंटिमीटर व्यासाचा आणि 1 मीटर लांबीचा ओल्या लाकडाचा ओंडका घ्या. त्याचं वजन साधारण 200 किलो भरतं. असा ओंडका दोराला बांधून कापला आणि तो मीटरभर खाली पडून दोराला हिसका बसला, तर दोरावर आणि खोडावर येणारा ताण त्याच्या वजनाच्या कित्येक पट होतो. आणि त्याच खोडाला वरचा माणूस बांधलेला असतो.

म्हणून जमिनीवरचा साथीदार तितकाच महत्त्वाचा. ओंडक्याचा दोर बुंध्याला लावलेल्या नळकांड्यासारख्या साधनावर गुंडाळलेला असतो. साथीदार तो एकदम अडवत नाही, थोडा सोडत सोडत थांबवतो. गाडीचा ब्रेक हळूहळू दाबावा तसं. इथे नवखा माणूस उभा असेल आणि त्याने घाबरून दोर घट्ट धरला, तर सगळा झटका वरच्याला बसतो.

दुसरा मोठा धोका विजेचा. तारेला थेट हात लागायलाच हवा असं नाही. ओली फांदी, ओला दोर, लोखंडी शिडी, कशातूनही करंट येतो. अमेरिकेतल्या सुरक्षा मानकांनुसार विजेच्या कामाचं खास प्रशिक्षण नसलेल्याने चालू तारेपासून किमान 3 मीटर लांब राहायचं असतं. आपल्याकडे अनेक रस्त्यांवर तारा फांद्यांमधूनच गेलेल्या असतात. तिथे वीजपुरवठा बंद करून घेणं हाच मार्ग आहे.

तिसरा मुद्दा सुटकेचा. वर कुणी जखमी किंवा बेशुद्ध झाला तर त्याला खाली कोण आणणार? हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिल्यास काही मिनिटांतच रक्ताभिसरणावर परिणाम होऊ शकतो. म्हणून चढून सुटका करू शकणारा दुसरा माणूस आणि दुसरा दोर जागेवर तयार असावा लागतो. ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे स्वतंत्र नियम 2005 पासून लागू आहेत आणि झाडावरून सुटका करणं हा तिथे प्रशिक्षणाचाच भाग असतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा आहे. झाड तोडण्यासाठी वृक्ष अधिकारी किंवा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यासाठी नोटीस काढून नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात आणि ती नोटीस झाडावरही लावायची असते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'वारसा वृक्ष' हा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावण्याची अटही आली.

शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणं हा गुन्हा आहे. उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात हा अनेक पक्ष्यांचा विणीचा काळ असतो, आणि आपली छाटणी नेमकी तेव्हाच होते.

मग अडतंय कुठे?

कायद्याचा भर 'तोडायचं की नाही' यावर आहे. 'कोण चढणार आणि कसं कापणार' हा प्रश्न कंत्राटावर सोडलेला आहे. झाडावर चढून करवत चालवण्याच्या कौशल्याचा सक्तीचा परवाना आपल्याकडे नाही. पावसाळ्याआधी ठरलेल्या मुदतीत किती झाडं छाटली, हे मोजलं जातं. काप कसा घेतला, हे मोजलं जात नाही. अशा हिशोबात फांदी झटपट उडवणारा फायद्यात राहतो. दोर बांधून, घरटं तपासून, तीन कापांत फांदी उतरवणाऱ्याचा दिवस तोट्यात जातो.

खासगी सोसायट्यांमध्ये परिस्थिती आणखी नाजूक आहे. तिथल्या झाडांची जबाबदारी सोसायटीची असते. तीन कोटेशन मागवली जातात आणि सगळ्यात स्वस्त निवडलं जातं. हार्नेस, हेल्मेट, दुसरा माणूस आणि विमा, या गोष्टी त्या स्वस्तातून सगळ्यात आधी गळतात.

तुमच्या सोसायटीत छाटणी होणार असेल तर?

- परवानगीचं पत्र बघा. त्यात कोणतं झाड आणि नेमकं काय करायचं, हे लिहिलेलं असतं.
- कोटेशनमध्ये हार्नेस, हेल्मेट, दुसरा आधार, खालचा साथीदार आणि कामगारांचा विमा लेखी मागा.
- जवळ तारा असतील तर वीज कंपनीला आधी कळवा आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री करा.
- खालची जागा दोरी लावून बंद करा, गाड्या हलवा. फोटो काढायला खाली उभं राहू नका.
- घरटी बघा. असतील तर ती फांदी नंतरसाठी ठेवता येते का, ते विचारा.
- "शेंडा उडवून टाका" असा आग्रह धरू नका. तज्ज्ञाने नको म्हटलं तर ऐका.
- बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून मातीला जागा करा. याला चढावंही लागत नाही.
- मुंबईत झाड किंवा फांदी धोकादायक वाटत असेल तर 1916 वर कळवा.

पुढच्या वेळी छाटणीचा व्हिडिओ काढलात तर कॅमेरा थोडा वर न्या. माणसाच्या कमरेला किती दोर आहेत, ते मोजा. एकही नसेल तर काम थांबवायला सांगा आणि तक्रार करताना झाडाबरोबर त्याच्याबद्दलही लिहा.