प्रवेशाची परीक्षा की शाळेची?

विद्यापीठाच्या दारात कोणाला घ्यावे आणि कोणाला परत पाठवावे, याचे उत्तर प्रत्येक देशाने आपापल्या अनुभवातून शोधले आहे. या उत्तरांची तुलना केली असता एक सूत्र दिसते. ज्याच्यावर समाजाचा विश्वास असतो, त्याच्या हाती प्रवेशाचा निर्णय जातो.

चीनचे उदाहरण बोलके आहे. सांस्कृतिक क्रांतीत, १९६६ साली, तेथील राष्ट्रीय प्रवेश परीक्षा बंद पडली. पुढे कामगार, शेतकरी आणि सैनिक यांच्यातून शिफारशीने विद्यार्थी निवडले जाऊ लागले. शिफारस आली की वशिला येतोच. डिसेंबर १९७७ मध्ये परीक्षा पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख तरुण तिला बसले. प्रवेश मिळाला जेमतेम पावणेतीन लाखांना. तरीही लोकांनी तिचे स्वागत केले, कारण उत्तरपत्रिकेला बापाचे पद ठाऊक नसते. अर्थात, तेथेही जागांची वाटणी प्रांतवार होते आणि बीजिंगच्या मुलाला नामवंत विद्यापीठ गाठणे हेनानच्या मुलापेक्षा कितीतरी सोपे जाते.

अमेरिकेने नेमका उलटा मार्ग धरला. निबंध, शिफारसपत्रे, क्रीडानैपुण्य असे सारे पाहून विद्यापीठाचे अधिकारी निवड करतात. मुलाचे सर्वांगीण व्यक्तिमत्त्व पाहण्याचा हा विचार ऐकायला सुंदर आहे; पण जेथे स्वेच्छाधिकार तेथे पैशाला वाट सापडते. धनिक पालकांनी लाच देऊन मुलांना खोटे खेळाडू ठरवल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्राधान्य रद्द केले; माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना अनेक खासगी विद्यापीठांत मिळणाऱ्या झुकत्या मापाला मात्र त्या निकालाने धक्का लागला नाही. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये चाचणीचे गुण पुन्हा अनिवार्य केले, हेही सूचक आहे.

जर्मनीने विश्वास टाकला तो शाळेवर. 'आबिटूर' ही शालान्त पात्रताच तेथे विद्यापीठाचे दार उघडते. तिच्या ९०० गुणांपैकी ६०० गुण अखेरच्या दोन वर्षांच्या शालेय कामगिरीचे असतात आणि अंतिम परीक्षेचे ३००. म्हणजे वर्गातले रोजचे अध्ययन आणि शिक्षकाचे मूल्यमापन यांनाच अधिक वजन. राज्याराज्यांतील गुणांची पातळी सारखी नसल्याचा आक्षेप तेथेही आला. डिसेंबर २०१७ मध्ये घटना न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांतील काही भाग घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर नियम सुधारले गेले; शाळेला मात्र कोणी बाजूला सारले नाही.

भारतात नेमके तेच घडले. मंडळामंडळांतील गुणांची चढाओढ इतकी वाढली, की २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत प्रवेशाची सीमारेषा १०० टक्क्यांवर पोहोचली. रोग खरा होता. त्यावर २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सामायिक परीक्षा आली. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची वाट त्याआधीच स्वतंत्र परीक्षांकडे वळली होती. बारावी उरली केवळ पात्रतेपुरती.

याची किंमत शाळेने मोजली. १९९० च्या दशकात 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती झाली ती बारावीच्या निकालांमुळे. आज त्याच शहराची ओळख 'नीट'च्या शिकवण्यांसाठी आहे. विज्ञान शाखेचे विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरते आणि शिकवणीत दिवसभर, अशी अवस्था झाल्याने २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. शिक्षणाचे आकर्षण संपले, तेथे अंगठ्याचा ठसा काय करणार? उलट, सारे भवितव्य एका दुपारवर टांगले की त्या प्रश्नपत्रिकेचे मोल काळ्या बाजारात वाढते. २०२४ च्या 'नीट'ला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि प्रश्नपत्रिका फुटल्याने त्यांचे पालक सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत तळमळत राहिले.

सामायिक परीक्षा रद्द करणे हा यावरचा उपाय नव्हे. अनोळखी घरातल्या मुलाचा तो आधार आहे. मात्र अकरावी-बारावीच्या दोन वर्षांना प्रवेशात निश्चित वाटा मिळाला पाहिजे आणि मंडळांच्या गुणांचे समानीकरण कठोरपणे झाले पाहिजे. शिक्षकाने दिलेल्या गुणांवर समाजाचा विश्वास नसेल, तर तो विश्वास पुन्हा कमावणे हेच शिक्षणसुधारणेचे पहिले काम ठरते. ते अवघड आहे; पण ते टाळले, तर शाळांच्या इमारती उभ्या राहतील आणि वर्ग रिकामेच असतील.