फोल्डर होतं तेच बरं होतं! ड्रॉपबॉक्सच्या नव्या ॲपवर लोक का चिडले, आणि त्यातून आपण काय शिकायचं?

एखादं ॲप अपडेट होतं, आयकॉन बदलतो, बटणं इकडची तिकडे जातात आणि आपण दोन दिवस चिडचिड करतो. तिसऱ्या दिवशी सवय होते. हे तर नेहमीचंच. पण काही अपडेट असे येतात की वर्षांनंतरही लोकांचा राग जात नाही. ड्रॉपबॉक्सने २०१९ मध्ये संगणकासाठी आणलेलं नवं ॲप त्यातलंच एक. आज वनड्राइव्ह आणि गुगल ड्राइव्हबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच तिथेच सापडतात. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊया. ड्रॉपबॉक्स तुम्ही कधी वापरलं नसेल तरी चालेल, कारण शेवटी हा विषय तुमच्या फोनमधल्या फोटोंपर्यंत येणार आहे.

ड्रॉपबॉक्स मुळात काय होतं?

ड्रू ह्यूस्टन हा तरुण बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला होता आणि पेन ड्राइव्ह घरीच राहिला. या वैतागातून ड्रॉपबॉक्सची कल्पना सुचली, असं तो सांगतो. २००७ मध्ये त्याने अराश फिरदौसीसोबत कंपनी सुरू केली आणि २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स सगळ्यांसाठी खुलं झालं.

कल्पना एकदम साधी. संगणकावर एक फोल्डर. त्यात फाइल टाका, ती तुमच्या दुसऱ्या संगणकावरच्या त्याच फोल्डरमध्ये आपोआप दिसेल. ड्रॉपबॉक्स फाइलचे ४ एमबीपर्यंतचे तुकडे करतं आणि जे तुकडे बदलले तेवढेच पाठवतं. म्हणजे मोठ्या फाइलमध्ये थोडासा बदल केला तर पूर्ण फाइल पुन्हा अपलोड करावी लागत नाही. नेट हळू असेल तर याचा फायदा किती, हे वेगळं सांगायला नको.

यात ‘ॲप उघडणे’ हा प्रकारच नव्हता. कोपऱ्यात एक छोटा आयकॉन असायचा, बाकी सगळं काम नेहमीच्या फोल्डरमध्ये. पाण्याच्या टाकीची मोटर जशी दिसत नाही पण नळाला पाणी येतं, तसं. लोकांना ड्रॉपबॉक्स आवडायचं ते नेमकं यासाठी.

२०१९ मध्ये काय झालं?

त्या वर्षी एकापाठोपाठ तीन-चार गोष्टी घडल्या.

- मार्च: फुकट खात्यावर फक्त तीनच उपकरणं जोडता येतील, अशी मर्यादा आली. ज्यांची आधीच जास्त होती त्यांची राहिली, पण नवीन जोडता येईना.
- मे: पैसे भरणाऱ्यांचा ‘प्लस’ प्लॅन महिन्याला ९.९९ डॉलरवरून ११.९९ डॉलर झाला. जागा १ टीबीची २ टीबी केली. पण ज्यांची १ टीबीही भरत नव्हती, त्यांच्यासाठी ती नुसती दरवाढच.
- जून: नवं डेस्कटॉप ॲप जाहीर झालं. आता ड्रॉपबॉक्सची स्वतःची खिडकी, त्यात फाइल्स, कमेंट, स्लॅक, झूम, गुगल डॉक्स सगळं एकत्र. सुरुवातीला हे फक्त ज्यांना आधी वापरून बघायचंय त्यांच्यासाठी होतं.
- जुलै: ज्यांनी मागितलं नव्हतं अशा अनेकांच्या संगणकावरही ते ॲप येऊन बसलं. आयकॉनवर क्लिक केल्यावर नेहमीच्या फोल्डरऐवजी भलतीच खिडकी उघडू लागली. कंपनीने हे चुकून झाल्याचं सांगून माफी मागितली.

आणि सप्टेंबरमध्ये तेच ॲप अधिकृतपणे सगळ्यांसाठी आलं!

मग लोक नेमके कशाला वैतागले?

‘लोकांना बदल आवडत नाही’ असं म्हणून विषय संपवता येतो. २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं तेव्हाही प्रचंड विरोध झाला होता आणि पुढे तेच फीड लोकांच्या अंगवळणी पडलं. त्यामुळे प्रत्येक ओरड खरी मानायची गरज नाही. पण ड्रॉपबॉक्सच्या बाबतीत तक्रारी रंग-आकाराच्या नव्हत्या.

पहिली तक्रार, विचारलं नाही. संगणक माझा, त्यावर नवं ॲप येऊन बसलं आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

दुसरी, जे चांगलं चाललं होतं ते मोडलं. विंडोज आणि मॅकमध्ये फाइल्स बघायला आधीच चांगली सोय आहे. तेच काम करणारी आणखी एक खिडकी कशाला? त्यात हे ॲप मेमरी जास्त खातं, अशीही तक्रार होती. फाइल्स सिंक करणारं ॲप मागे गुपचूप चालायला हवं. त्यानेच लॅपटॉप जड केला तर काय उपयोग?

तिसरी, भरोसा. फाइल सिंक करणारं ॲप म्हणजे घराची किल्ली दिलेला माणूस. तुमचा प्रोजेक्ट, मार्कशीट, आधारची प्रत, कुटुंबाचे फोटो सगळं त्याच्या हातात. अशा माणसाने न सांगता घरातलं सामान हलवलं, तर सामान सुखरूप असूनही आपण अस्वस्थ होतोच.

पुढे ॲपच्या प्रेफरन्सेसमध्ये फोल्डर ड्रॉपबॉक्सच्या खिडकीत उघडायचं की संगणकाच्या नेहमीच्या फाइल मॅनेजरमध्ये, हे निवडायची सोय मिळाली. पण असा पर्याय शोधून बदलणारे किती असतात? बहुतेक लोक जे समोर येईल तेच वापरतात. म्हणूनच ‘डीफॉल्ट’ काय ठेवायचं, हा कंपनीचा सगळ्यात मोठा निर्णय असतो.

कंपनीने असं केलंच का?

आता दुसरी बाजूही बघू. स्टीव्ह जॉब्सने २००९ मध्ये ह्यूस्टनला भेटायला बोलावलं होतं. तुमचं हे प्रॉडक्ट नाही, नुसतं एक फीचर आहे, असा त्याचा सूर होता. कंपनी विकायला ह्यूस्टनने नकार दिला, पण जॉब्सचा मुद्दा पुढे खरा ठरू लागला. २०१२ मध्ये गुगल ड्राइव्ह आलं, २०१४ मध्ये ॲपलने आयक्लाउड ड्राइव्ह आणलं, मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्ह विंडोजमध्येच बसवलं. या तिघांकडे स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम आहे, ड्रॉपबॉक्सकडे नाही.

त्यात मार्च २०१८ मध्ये ड्रॉपबॉक्स शेअर बाजारात उतरलं. तेव्हा नोंदणी केलेले वापरकर्ते ५० कोटींहून जास्त आणि पैसे भरणारे साधारण १ कोटी १० लाख. म्हणजे शंभरातले दोन! शेअर घेणारे विचारणार, बाकीच्यांकडून कमाई कधी? आणि नुसतं मागे राहून काम करणारं फोल्डर दरमहा पैसे का मागतंय, हे लोकांना पटवणं अवघड. म्हणून ‘आम्ही फक्त फोल्डर नाही, कामाची अख्खी जागा आहोत’ हे दाखवायला खिडकी हवी होती. नवं ॲप ऑफिसातल्या टीमसाठी बनवलं, पण ते उतरलं घरी फोल्डर वापरणाऱ्यांच्याही डोक्यावर.

धंद्याच्या बाजूने हे समजण्यासारखं आहे. चूक बदल करण्यात नव्हती, सगळ्यांवर एकसारखा लादण्यात होती. टीमला नवी खिडकी द्या, साध्या वापरकर्त्याला फोल्डर राहू द्या, इतकं सुरुवातीपासून केलं असतं तरी अर्धा राग निवला असता.

आज हे आपल्याला का लागू पडतं?

कारण फाइल्स कुठे राहणार हे आता ॲपच ठरवू लागलंय. विंडोज ११ चा नवा लॅपटॉप सुरू करताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर न विचारताच वनड्राइव्हवर जातात, अशा तक्रारी २०२४ मध्ये बऱ्याच झाल्या. वनड्राइव्हवर फुकट जागा फक्त ५ जीबी. ती भरली की जागा विकत घ्या म्हणून सूचना सुरू. हा बॅकअप बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसून घाबरलेलेही कमी नाहीत. फाइल्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये सुरक्षित असतात, पण हे त्या क्षणी कोणाला माहीत असतं?

गुगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्येही नोव्हेंबर २०२३ मध्ये बिघाड झाला आणि काहींच्या कित्येक महिन्यांच्या फाइल्स दिसेनाशा झाल्या. नंतर गुगलला फाइल्स परत मिळवायची सोय असलेलं नवं व्हर्जन काढावं लागलं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सिंक म्हणजे बॅकअप नाही. सिंक म्हणजे आरसा. एका ठिकाणी फाइल काढली की सगळीकडून जाते. फोनमधलं गुगल फोटोज असंच चालतं. बॅकअप झालाय ना, मग डिलीट करू, असं समजून त्याच ॲपमधून फोटो काढला तर तो क्लाउडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा गेला. फोनची जागा मोकळी करायची असेल तर ॲपमधला ‘फ्री अप स्पेस’ पर्याय वापरा. तो फक्त फोनमधली प्रत काढतो.

तुम्ही आत्ता काय करू शकता?

१. लॅपटॉपवर सिंक ॲपचं सेटिंग उघडा आणि नेमके कोणते फोल्डर क्लाउडवर जातात ते बघा. नको असलेले बंद करायच्या आधी फाइल्सची प्रत दुसरीकडे घ्या.

२. फाइलच्या आयकॉनजवळ ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल फक्त ऑनलाइन आहे. रेंज नसलेल्या गावी जाताना किंवा परीक्षेच्या आदल्या दिवशी ती ‘नेहमी या उपकरणावर ठेवा’ अशी करून घ्या.

३. महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर ठेवा, जी कुठल्याही ॲपशी जोडलेली नसेल.

४. मोठं अपडेट आलं की ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटू नका. पहिल्या स्क्रीनवर काय विचारलंय ते वाचा. तिथेच बहुतेक निर्णय होतात.

आणि पुढच्या वेळी एखाद्या नव्या डिझाइनवर राग आला तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला विचारलं होतं का? जुनी पद्धत वापरता येते का? माझ्या फाइल्स होत्या तिथेच आहेत का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर आठवडाभर थांबा, सवय होईल. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर चिडायला कारण आहे. पण आधी फाइल्सची प्रत काढा, मग निवांत चिडा!

ह्यूस्टनचा घरी राहिलेला तो पेन ड्राइव्ह आठवतोय ना? इतक्या वर्षांनी आपल्याला पुन्हा तसाच एक घ्यावा लागतोय. यावेळी मात्र तो मुद्दाम घरी ठेवायचा.