एक्सप्लेनर : फिल्मी मासिकाचे नाव मुखपृष्ठावर सर्वांत वरच का असते?

उत्तर बुक स्टॉलवर सापडते. गोंदिया जंक्शनसारख्या स्टेशनवर गाडी काही मिनिटेच थांबते. स्टॉलवर अंक एकावर एक, थोडे सरकवून मांडलेले. दिसते ती वरची पट्टी. म्हणून नाव तिथे. खाली मोठा चेहरा, नजर थेट ग्राहकाकडे. कलाकाराचे डोके नावाच्या अक्षरांवर आलेले चालते, पण ही चैन ओळखीच्या मासिकालाच परवडते.

‘फिल्मफेअर’च्या मार्च १९५२ च्या पहिल्या अंकावर कामिनी कौशल होत्या. १९७१ मध्ये ‘स्टारडस्ट’ने पहिल्याच अंकावर राजेश खन्ना यांच्या लग्नाबद्दल प्रश्न छापला. चेहऱ्याच्या जोडीला चटकदार मथळा आला.

आता मुखपृष्ठ मोबाइलवर दिसते. अंगठ्याएवढ्या चित्रात पाच मथळे कोण वाचणार? डिजिटल मुखपृष्ठावर बहुधा चेहरा, नाव आणि एखादी ओळ उरते.

जुनी दाटी पाहायची तर दिवाळीनंतर अर्जुनी मोरगाव परिसरात झाडीपट्टी नाटकांची पोस्टर पाहावीत. पाहुणा सिनेकलाकार असला, की त्याचा फोटो मोठा. रात्रभर नाटक ओढून नेणारे स्थानिक कलाकार मात्र कडेच्या छोट्या चौकटींत.